निळ्यापासून विटकरीपर्यंत

अख्ख्या म्हैसुरात माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका कर्तबगार रोगी दुसरा झाला नाही. इतरांना मधुमेह होतो. मामांनी तो नोकरी धरावी तसा धरला आणि शेवटपर्यंत एका दिवसाचा खाडा केला नाही. मी साताऱ्याहून नोकरीला आलो आणि म्हैसूरचा जावई झालो, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मला चहा विचारायच्या आधी स्वतःची साखर सांगितली. इतक्या कौतुकाने लोक नातवाचे मार्कही सांगत नाहीत. मला या माणसाबद्दल जे कुतूहल वाटायला लागलं, ते काही संपलं नाही.

घराणं रंगाऱ्यांचं. मंडी मोहल्ल्यात त्यांच्या वडिलांचं रंगाचं काम चाले आणि काढलेल्या प्रत्येक रंगाची एक चिंधी वहीत टाचून ठेवली जाई, म्हणजे वर्षानेही तोच रंग हुकमी काढता यावा. पुढे धंदा गेला, मामा कुवेंपुनगरात राहायला आले, पण चिंध्या सुटल्या नाहीत. त्या काळी घरच्या घरी साखर बघायची तर काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. मग हिरवं, पिवळं आणि अगदीच वाईट म्हणजे विटकरी. ताडून बघायला एक छापील कागद मिळे. तो मामांनी पहिल्याच दिवशी बाद केला. "हा काय हिरवा म्हणायचा? कुणीतरी झोपेत मिसळलाय, नोडी, बघा!" असं म्हणून त्यांनी स्वतः कापड रंगवलं आणि निळ्यापासून विटकरीपर्यंत अकरा चिंध्यांची पट्टी शिवली. रोज सकाळी ते परसात स्पिरिटच्या दिव्यावर नळी धरून उभे राहत, आणि मामी मागची खिडकी आपटून लावून घेत.

आमच्या वसाहतीतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई, सिस्टर आणि कंपाउंडर असे तिघे दर शनिवारी जुन्या पेशंटांबद्दल एकत्र बसून बोलत. हे कळल्यावर मामा घरची घडीची खुर्ची काखोटीला मारून तिथे हजर झाले. "बोलणं माझ्याबद्दल, आणि मी बाहेर बाकावर सुम्ने, गुपचूप बसायचं? हा कुठला न्याय, बाई?" बाई हसल्या आणि खुर्ची तिथेच राहिली. मग मामांनी कामाची वाटणीही सांगून टाकली. "सिस्टर टोचते, कंपाउंडर देतो, बाई विचार करतात. खरं सांगायचं काम माझं. हौदो अल्लो, होय की नाही?" आणि ते सांगतही. बाकीचे पेशंट देवाशपथ गोड खात नसत, मामा खुर्ची उघडायच्या आत म्हणत, "सणाला पुरणाच्या तीन होळिगे खाल्ल्या. लिहा."

एका शनिवारी मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो होतो. पाच आठवडे मामांच्या वहीत निळा लागत होता आणि दवाखान्यात सिस्टरला मात्र हिरवा दिसत होता. मला वाटलं, आता हे कंपाउंडरच्या औषधावर घसरणार. मामा नळी आणि पट्टी घेऊन खिडकीशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. वळले तेव्हा आवाज अगदी साधा होता. "नळी खोटं बोलत नाही. पट्टी माझ्या हातची, तीही नाही. मग तिसरं कोण उरलं? बाई, लिहा. डोळा."

बाईंनी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. साखरेने पडद्याला हात घातला होता. वेळेवर कळलं म्हणून नजर वाचली, पण निळ्या-हिरव्यातला फरक गेला तो गेलाच. रंगाऱ्याच्या मुलाचा रंग जावा, याचं मला फार वाईट वाटलं. मामांना काळजी वेगळीच होती. आता खुर्चीवर कुठल्या तोंडाने बसायचं? शेवटी त्यांनी माझी डोळा म्हणून नेमणूक केली. रोज ऑफिसला जाताना मी परसात डोकवायचो आणि नळीचा रंग सांगायचो.

एके सकाळी नळी चांगली पिवळी आली. मामांचा उत्सुक चेहरा बघून माझी जीभ वळेना. "निळा," मी म्हणालो.

मामांनी नळी खाली ठेवली. "जावईबापू, दोन तासांपूर्वी मी म्हैसूरपाकाचे तीन तुकडे खाल्लेत. तुम्हाला पारखायला."

मला तोंड कुठे लपवावं कळेना. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डोळा चुकला तर चालतो हो. लाड करायला लागला की पेशंट मेला."

मामांना जाऊन आता खूप वर्षं झाली. ती पट्टी मामींनी मला दिली. मध्यंतरी साखर माझ्याही घरी राहायला आली; हल्ली बोटाला टोचलं की यंत्र आकडा दाखवतं, रंगांचं काही काम उरलेलं नाही. परवा दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने मान खाली घालूनच विचारलं, "पथ्य पाळताय ना?" सगळे म्हणतात तसं मी 'हो' म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "परवा म्हैसूरपाक खाल्ला. लिहा." त्याने मान वर केली, मला नीट बघितलं आणि खुर्ची पुढे ओढून दिली.

घरी येऊन मी पट्टी काढली आणि खिडकीशी नेली. निळी चिंधी आणि तिच्याशेजारची हिरवी, दोन्ही मला अजून वेगळ्या दिसतात. हे सांगायला मामा हवे होते.