बायकांचा तंबू

बहरीनमध्ये थंडी पडली की लोक चांगली घरं सोडून वाळवंटात राहायला जातात. साखीरच्या बाजूला, तेलाच्या पाइपांच्या पलीकडे, तंबूंच्या रांगा लागतात. जनरेटर असतो, गालिचे असतात, काही ठिकाणी टीव्हीसुद्धा. मी सलमानियाच्या हॉस्पिटलात जन्मले, इथेच शाळा केली, पण अशा तंबूत कधी गेले नव्हते. आमच्या घरचा हिवाळा मंडळाच्या हळदीकुंकवात आणि सीफच्या मॉलमध्ये जायचा.

मला तिथे नेलं ते ऑफिसातल्या एकीने. ती मूळची रत्नागिरीची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. घराबाहेर मी मराठी बोलायचे ती फक्त तिच्याशी, तीही अडखळत. मी तिला माझ्याबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, "शनिवारी चल माझ्याबरोबर. तिथे सगळ्या आपल्यासारख्याच बायका असतात." 'आपल्यासारख्या' म्हणताना ती डब्यातल्या माशाचे काटे काढत होती. मी हो म्हटलं आणि उरलेला भात संपवला.

तंबू एका बहरीनी बाईंचा होता. पन्नाशीच्या, जाडजूड, आवाज खर्जातला. परवाना त्यांच्या भावाच्या नावावर. शुक्रवारी सगळं घराणं तिथे जेवायला यायचं, शनिवारची दुपार मात्र बाईंची आणि त्यांच्या मैत्रिणींची. नवीन कुणाला यायचं तर आधीच्या एकीने तिच्यासाठी हमी द्यायची. नवीन बाईकडून काही चूक झाली तर दोघींचंही येणं बंद. नियम एवढाच होता आणि तो पाळला जायचा, कारण बाहेर कळलं असतं तर कुणाची नोकरी गेली असती, कुणाचा व्हिसा, आणि बाईंना भाऊ कायमचा तुटला असता.

शनिवारी गाडीत माझ्या त्या मैत्रिणीने मला विचारलं, "फोनचं लोकेशन बंद केलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

केलं नव्हतं. मला लायसन्स मिळालं तेव्हापासून आमच्या घरात पद्धत आहे. गाडी काढली की आईला लाइव्ह लोकेशन पाठवायचं. त्या दिवशी मी आईला सीफला जाते म्हणून सांगितलं होतं, सीफला पोचले होते, गाडी तिथेच ठेवून मैत्रिणीच्या गाडीत बसले होते. बंद केलं असतं तर आईने लगेच विचारलं असतं, का बंद केलं. चालू ठेवलं तर कदाचित ती बघणारही नाही, असं मी धरून चालले. आणि मैत्रिणीला खरं सांगितलं असतं तर तिने गाडी तिथूनच वळवली असती.

तंबूच्या दाराशी बिर्याणीचं मोठं पातेलं होतं. त्यात सगळ्यांनी फोन आवाज बंद करून टाकायचे आणि वर झाकण ठेवायचं. मीही टाकला.

आत आठ-नऊ जणी होत्या. मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. एक बाई कांदे चिरत होती. एक फिलिपिनो नर्स आणि एक मल्याळी शिक्षिका एकाच शालीत पाय घेऊन भांडत होत्या, घरचा एसी कोणत्या कंपनीचा घ्यायचा यावर. त्या अकरा वर्षं एकत्र राहत होत्या. मला कुणी काही विचारलं नाही. मालकीणबाईंनी माझ्या हातात गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, छोटा कप दिला आणि हिंदीत म्हणाल्या, "बैठो. यहाँ शरमाने का काम मफी." मफी म्हणजे नाही, इथल्या हिंदीत.

मी बसले. साधारण तासाभराने माझ्या लक्षात आलं की मी खांदे खाली सोडून बसले आहे. एरवी मी कशी बसते ते मला तेव्हा कळलं.

पाचच्या सुमाराला बाहेर गाडी थांबली आणि आईचा आवाज आला. ती माझं नाव घेऊन हाका मारत होती.

नंतर बाबांकडून कळलं ते असं. आईने साडेतीनला फोन बघितला. माझा निळा ठिपका वाळवंटात थांबलेला. तिने अकरा वेळा फोन केला. मग तिने ठरवलं की गाडी बंद पडली, बॅटरी गेली, पोरगी एकटी आहे. बाबांनी जंपर केबल घेतली, पाण्याच्या सहा बाटल्या घेतल्या, आईने थर्मासमध्ये चहा भरला, आणि दोघं ठिपक्याच्या मागे निघाले.

तंबूत कुणी ओरडलं नाही. नर्सने शालीतून पाय काढले, उठून पलीकडच्या टोकाला जाऊन बसली आणि कांद्याचं ताट ओढून घेतलं. शिक्षिकेने शाल घडी करून बाजूला ठेवली. दोन बायकांनी डोक्यावर ओढण्या घेतल्या. हे सगळं पाणी भरल्यासारखं सहज झालं. मी मात्र उभीच राहिले होते. माझी मैत्रीण माझ्याकडे बघत होती, आणि तिला सगळं समजलं होतं.

मालकीणबाई बाहेर गेल्या. दारात आलेल्याला गहवा दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हे त्यांच्यात मोडता येत नाही. बाबांना त्यांनी बाहेर खुर्ची दिली, खजूर पाठवले. आईला हाताला धरून आत आणलं.

आई मला बघून आधी रडकुंडीला आली आणि मग चिडली. "सीफ म्हणे! हे सीफ आहे का? फोन उचलायला काय झालं होतं?"

"बहन, गुस्सा खलास," मालकीणबाई म्हणाल्या. "लेडीज पिकनिक है. बेटी को लगा, आप रेगिस्तान में नहीं छोड़ोगे."

"पूछती तो छोड़ती ना," आई म्हणाली. मग तिने आजूबाजूला बघितलं. गालिचे, उशा, चूल. "आप ने तो इधर पूरा संसार लगाया है. और आदमी लोग?"

"आज छुट्टी उन की."

"बहुत अच्छा किया."

सगळ्या हसल्या. आईला वाटलं आपला विनोद जमला. ती बसली, दोन कप गहवा प्यायली, तिसऱ्याला कप हलवून पुरे म्हणाली, इथे अठ्ठावीस वर्षं काढलेली बाई ती. थर्मासमधला चहा तिने सगळ्यांना वाटला. नर्सला विचारलं, तू कुठे राहतेस. नर्स म्हणाली, अदलियात. शिक्षिकेला विचारलं, ती म्हणाली, मीपण अदलियात, आम्ही शेजारी आहोत. "मग बरी सोबत होते," आई मराठीतच म्हणाली, आणि माझ्या मैत्रिणीने खाली मान घालून ते भाषांतर करून सांगितलं.

निघताना आईने मालकीणबाईंना हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं. त्या इंशाल्ला म्हणाल्या.

आई चपला घालायला बाहेर गेली तेव्हा मी पातेल्यातून फोन काढत होते. मालकीणबाईंनी माझ्याकडे नाही, माझ्या मैत्रिणीकडे बघितलं. "तुम ने पूछा नहीं था इस को?"

पूछा था, एवढं म्हणून मैत्रीण सुटली असती, पण तिने ते म्हटलं नाही.

मला मोठ्यांसमोर बोलायची सवय नाही. शाळेतही उत्तर येत असून मी हात वर करायचे नाही. "पूछा था," मी म्हटलं. "दो बार." एकदाच विचारलं होतं. "मैंने झूठ बोला. इस की गलती नहीं है."

मालकीणबाईंनी माझ्या गालावर हात ठेवला. हात गरम होता आणि त्याला वेलचीचा वास होता. "तुम्हारी माँ अच्छी है," त्या म्हणाल्या. "मेरे घर आओ, कभी भी, माँ को ले के. यहाँ नहीं." मग मैत्रिणीला म्हणाल्या, "तुम बैठो. खाना बाकी है."

सोमवारी ऑफिसात ती माझ्या टेबलाशी आली. "वेडी आहेस गो तू," म्हणाली. "दोनदा कधी विचारलं मी?" आणि टेबलावरची फाइल घेऊन गेली. आम्ही अजून एकत्र जेवतो. शनिवारबद्दल बोलत नाही.

आईचं मात्र चालूच होतं. पुढच्या शनिवारी सकाळी तिने डबा भरून पोहे केले. "त्या बायकांना दे. मागच्या वेळी नुसताच चहा नेला." मी म्हटलं, आता नाही जायचं, तंबूंचा हंगाम संपला. आई म्हणाली, इतक्या लवकर? आणि पोहे आम्हीच खाल्ले.

तेव्हा जानेवारी चालू होता. तंबू मार्चपर्यंत असतात, हे बाबांना माहीत आहे. त्यांच्या ऑफिसातली माणसं दर आठवड्याला जातात. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पोह्यांवर लिंबू पिळलं आणि आईला म्हणाले, "असेल संपला."