धाकटीच्या मापाची फट

मुलाकडे मी तीन महिन्यांसाठी गेले होते. तो कापेल आन डेन आयसेलला राहतो, रॉटरडॅमला चिकटूनच आहे ते. मी पोचले आणि दोन आठवड्यांनी तो साताऱ्याला गेला, कारण माझ्या घराचे पत्रे बदलायचे होते आणि ते काम मी तिथे नसताना झालेलं बरं, असं त्याचं मत होतं. मी असले की कामगारांशी भांडते. दहा दिवसांत येतो म्हणाला. त्या दहा दिवसांत करोनामुळे विमानं बंद झाली. तो माझ्या घरात अडकला आणि मी त्याच्या.

इकडे मी आणि सून दोघीच उरलो. आणि बैठकीच्या खोलीत काचेची मोठी पेटी, तिच्यात घोरपडीची दोन पिल्लं. मुलाला हा नाद कुठून लागला मला माहीत नाही. जायच्या आधी जेमतेम आठवडाभर त्याने ती आणली होती. ही आपल्या रानातली घोरपड नव्हे, ऑस्ट्रेलियातली बुटकी जात. वाढून वाढून हात-दीड हात होते आणि शेपटीवर काटेरी खवले असतात. आपल्याकडे घोरपड धरली तर तुरुंग आहे. तिकडे घरात जन्मलेली पिल्लं विकत मिळतात. तेव्हा ती माझ्या वितीपेक्षाही लहान होती. एक जरा मोठी, एक बारीक. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे.

मुलाने जाताना फ्रिजवर कागद लावला होता, मराठीत, मोठ्या अक्षरात, कारण माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. दिवे आपोआप लागतात आणि विझतात. सकाळी पावडर लावून किडे घालायचे. माती एका बाजूला ओली ठेवायची. हात लावायचा नाही. आत लपायला ठेवलेलं काहीही हलवायचं नाही. या शेवटच्या ओळीखाली त्याने दोन रेघा मारल्या होत्या.

मी कागद वाचला आणि पहिल्या तीन गोष्टी केल्या.

उरलेल्या दोन मला पटल्या नव्हत्या. पेटीत त्याने झाडाच्या सालीच्या नळ्या, फळ्यांची चळत, वाळकी पानं असलं काय काय भरलं होतं, आणि पिल्लं दिवसभर त्यात गडप. आठ-आठ दिवस शेपूट दिसायचं नाही. मला ते आवडेना. आमच्यात पाहुणे आले आणि पोर दाराआड गेलं तर त्याला दंडाला धरून बाहेर आणतात, पाया पडायला लावतात, नाव सांगायला लावतात. दोन-चारदा रडतं, मग त्याची भीड मोडते. मुलाला मी असंच वाढवलं. घोरपडीलाही तेच लागू असेल असं मी धरून चालले. शिवाय रोज सकाळी सगळं हलवून झाडल्याशिवाय मला घर झाडल्यासारखं वाटत नाही, आणि ती पेटी घरातच होती.

म्हणून मी नळ्या काढल्या, फळ्या काढल्या, गरम पाण्याने साबण लावून घासल्या आणि बाल्कनीत वाळत घातल्या. परत आत ठेवल्या नाहीत. एक फुटकी कुंडी तेवढी उपडी ठेवली, त्यांना नावाला घर असावं म्हणून. रोज कुंडी उचलायची, खाली पुसायचं, पिल्लांना हातावर घ्यायचं, परत ठेवायचं.

थोरलीने चार दिवस फुसफुस केली आणि मग दिव्याखाली बसून खायला लागली. धाकटी तर त्याहून लवकर निवली. हात घातला की पळायची नाही. तळव्यावर डोळे मिटून पडून राहायची. मी मुलाला फोनवर अभिमानाने सांगितलं की धाकटी माझ्या हातावर झोपते.

तो म्हणाला, "इतक्या लवकर? आई, लपायच्या जागा आहेत ना आत?"

मी आहेत म्हटलं. कुंडी होती, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. पण मी खोटंच बोलले होते आणि मला ते माहीत होतं.

तीन आठवड्यांनी सुनेच्या लक्षात आलं. तिचं ऑफिस आम्स्टरडॅम स्लोटरडाइकला, पण तेव्हा ते जेवणाच्या टेबलावर आलं होतं, आणि टेबलासमोरच पेटी. घोरपडींची तिला शिसारी होती, त्याहून जास्त टपालाने येणाऱ्या किड्यांच्या डब्यांची. तरी एका दुपारी ती म्हणाली की बारकीच्या शेपटीचं बूड बघा, सुकलंय. आम्ही तिला डाळ मोजायच्या काट्यावर ठेवली. मुलाने पहिल्या दिवशीचं वजन कागदावर लिहिलं होतं, चोवीस ग्रॅम. आता काटा सतरावर थांबला. कमरेची हाडं वर आली होती. ती माणसाळली नव्हती. तिने पळायचं सोडून दिलं होतं.

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे तेव्हा फोनवरच बोलणं व्हायचं. त्यांनी ऊब आहे का, पाणी आहे का विचारलं, दोन्ही होतं. मग सुनेने पिल्लं विकणाऱ्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, दोन्ही उद्या घेऊन या, मी ठेवून घेतो. सून लगेच खोका शोधायला लागली.

मी म्हटलं, "आठ दिवस दे मला."

"आणि मेली तर?"

"मेली तर तुझ्या नवऱ्याला मी सांगेन. तू नाही सांगायचं."

ती टेबलाशी बसली. रागावलेली होती, आणि तिचा राग बरोबर होता. म्हणाली, "तुमच्याकडे घोरपडी शिजवायचे, आई. सांभाळायचे नाहीत."

ते खरं होतं. माझा बाप खाणीत दगड फोडायचा. सुट्टीच्या दिवशी घोरपडी धरायचा. तेव्हा कोणी अडवत नसे. मांस घरात, चरबीचं तेल सांधेदुखीवाल्यांना, आणि कातडं दिमडी मढवणारा न्यायचा. पोतं धरायला मी जायचे. लग्न झाल्यावर हे मी सासरी सांगितलं नव्हतं, सुनेला कधीतरी बोलून गेले होते. ती लक्षात ठेवून होती.

मी उठले. धाकटीला काट्यावरून उचलून पेटीत सोडलं. ती कुंडीखाली गेली नाही. मागच्या काचेला थर्मामीटरची पट्टी चिकटवलेली होती आणि तिचं एक टोक सुटलं होतं. त्या पट्टीच्या आणि काचेच्या मधे ती शिरली. अंगठाभरही जागा नव्हती तिथे. मी सवयीने तिला काढायला बोट घातलं तर तिचं अंग फुगलं. एवढंसं सतरा ग्रॅमचं पिल्लू, पण हलेना. पाठ पट्टीला, पोट काचेला.

मी बोट काढून घेतलं. बाप कपारीत हात घालून बसलेला मला दिसला. मी शेपूट धरून ओढायला गेले की म्हणायचा, "ओढू नको, आता ती दगड झाली." मग तो बाजूला बसून विडी ओढायचा, घोरपडीने श्वास सोडेपर्यंत. आणि कपार निवडतानाही तो मोठ्या भोकाकडे बघायचासुद्धा नाही. मूठ आरामात जाते तिथे घोरपड नसते, चार बोटं आडवी जेमतेम जातात तिथे बघायचं. घोरपड बाहेर कशी काढायची हे मला सात वर्षांची असल्यापासून माहीत होतं. ती आत का जाते, हा विचार करायची गरजच पडली नव्हती. आम्हीच तर ते कारण होतो.

कुंडीखाली दोन मुठी मावतील एवढी जागा होती. वर पाठीला काही टेकत नव्हतं, खाली पोटाला मोकळी जमीन. आपल्याला ते घर वाटेल. त्या पिल्लाला ते मैदान होतं. रानात घोरपडीचं पिल्लू घार खाते, साप खातो, मोठी घोरपड खाते. दोन्ही अंगांना घट्ट काही लागलं तरच त्याला कळतं की मागून कोणी येणार नाही. आणि मी रोज ते छप्परच उचलत होते.

सुनेला मी सांगितलं की मला दगड हवेत, चपटे. मुलाच्या फळ्या बाल्कनीत पावसाने फुगून वाकल्या होत्या. ओळीतल्या शेवटच्या घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी छपराच्या जुन्या पाट्या काढून दाराशी रचल्या होत्या, काळ्या दगडाच्या, पातळ. सून लांब उभी राहून त्यांच्याशी डचमध्ये बोलली. त्यांनी आठ पाट्या फुटपाथवर मांडल्या आणि आत निघून गेले, मग आम्ही त्या उचलल्या.

मुलाची हातोडी घेऊन मी बाल्कनीत बसले. छिन्नी नव्हती, जाड पेचकसाने काम भागवलं. लहानपणी बापाच्या हाताखाली फोडायचे, त्यानंतर साठ वर्षांनी दगड फोडत होते, पण दगड कुठे तुटायला राजी आहे ते हाताला कळत होतं. सुनेची ऑफिसची मीटिंग चालू होती. त्यांनी आवाज कसला म्हणून विचारलं. सासूबाई दगड फोडतायत, असं तिने सरळ सांगून टाकलं. नंतर म्हणाली की त्यांना तो विनोद वाटला.

पेटीतली माती मी एका बाजूने काचेपर्यंत काढली. दगड मातीवर ठेवायचा नाही. घोरपड खालून उकरते आणि दगड तिच्यावर बसतो. खालची पाटी सरळ तळाच्या काचेवर टेकवली, चारी कोपऱ्यांना तुकडे लावले, वर दुसरी पाटी, मग तिसरी, मग चौथी. प्रत्येक पाटी दाबून बघितली, हलली की परत काढली. सगळ्यात खालची फट करंगळीएवढी, तिच्यावरची बोटभर, वरची दोन बोटं, थोरलीसाठी. चळत दिव्याखाली घेतली, म्हणजे बाहेर न येताही दगडाची ऊब मिळेल. साबण लावला नाही. पुढच्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं, कोपऱ्यात बघायला बोटभर जागा ठेवली. शेवटी थर्मामीटरची पट्टी हळूच ओढून काढली. धाकटी खाली पडली आणि इकडेतिकडे बघून मधल्या फटीत गेली. करंगळीएवढ्या फटीत जाईल असं मला वाटलं होतं. ती मधलीत गेली.

त्यानंतर माझ्या हाताला काम राहिलं नाही, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. काचेवर डाग पडले, थोरलीची घाण दोन दिवस तशीच राहिली. मी खुर्ची पेटीकडे पाठ करून ठेवली आणि लसूण सोलत बसले. एवढा लसूण आम्हाला लागत नव्हता. थोरलीला आधी चिमट्याने पोटभर खाऊ घालायचं, म्हणजे ती दुसऱ्याचं ओढणार नाही, आणि मग एक रातकिडा चिमट्यात धरून मधल्या फटीच्या तोंडाशी न्यायचा. मनात शंभर मोजायचे. नाही घेतला तर चिमटा मागे घ्यायचा, झाकण लावायचं. दिवसातून दोनदा.

पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी वाटलं की मेली असेल आणि मी मेलेल्या घोरपडीला रातकिडे दाखवतेय. पाट्या उचलून बघायचा मोह झाला. सून टेबलावरून म्हणाली, "आई, हात बाहेर." मी हात बाहेर घेतला.

सहाव्या दिवशी सकाळी मी बासष्टपर्यंत आले होते. फटीतून तोंड आलं, किडा गेला, तोंड आत गेलं. चिमटा तेवढा माझ्या हातात. मी दुसरा किडा दिला. तोही गेला. तिसरा घेतला नाही. सून कॅमेरा बंद करून उठून आली होती, किड्यांचा डबा तिच्या हातात होता. तिला ते मागाहून कळलं, तेव्हा तिने तो टेबलावर ठेवला आणि हात धुवून आली.

आठव्या दिवशी वजन करायचं ठरलं होतं. मी म्हटलं, वजन करायचं तर तिला फटीतून ओढावं लागेल आणि मी ओढणार नाही. तू त्या पिल्लं विकणाऱ्याला हवं ते सांग. तिने फोन उचलून त्याला सांगितलं की आम्ही येत नाही. डचमध्ये बराच वेळ बोलली. दगडांचा शब्द मला कळला.

पुढे धाकटी अर्धी बाहेर यायला लागली. डोकं आणि पुढचे पाय दिव्याखाली, मागचं अंग फटीत. पेटीपाशी कोणी आलं की आत, गेलं की परत बाहेर. लपायला जागा मिळाल्यावर ती जास्त दिसायला लागली. महिनाभराने ती आपणहून चिमट्यामागे पेटीत ठेवलेल्या काट्यावर चढली तेव्हा सव्वीस भरली.

त्या दिवशी दुपारी मी मुलाला फोन लावून सगळं सांगितलं. फळ्या काढल्या, रोज उचलून पुसलं, तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले, सात ग्रॅम उतरली, मेलीच असती.

त्याने मधे न तोडता ऐकलं. मग म्हणाला, "कागदावर लिहिलं होतं, आई. खाली दोन रेघा मारल्या होत्या."

"वाचलं होतं. पटलं नव्हतं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तू तिकडून काय करणार होतास? आणि लाज वाटली."

तो चिडला होता. तसं म्हणालाही, आणि मी ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं की दगड कशावर टेकलेत. काचेवर, मातीवर नाही, असं सांगितल्यावर त्याचा आवाज जरा खाली आला. फटींची मापं विचारली, मी बोटांत सांगितली, त्याने ती मिलिमीटरमध्ये करून घेतली.

सुनेने वर्तमानपत्र जरा बाजूला करून फोनचा कॅमेरा पेटीसमोर धरला. काळे दगड, माती, दिवा. बाकी काही दिसेना.

"कुठे आहे?" तो म्हणाला.

"मधल्या फटीत. तू बोलतोयस तोवर नाही येणार."

तो गप्प झाला. सुनेचा हात दुखायला लागला म्हणून तिने फोन पुस्तकाला टेकवून तसाच चालू पेटीसमोर ठेवला आणि आम्ही दोघी आत गेलो.