गार इंजिनाची साक्ष

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, सगळे थंडोबा म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. आळशी होता म्हणून नव्हे, त्याच्याइतका राबणारा मिस्त्री आमच्या रस्त्यावर दुसरा नव्हता. पण गॅरेजमध्ये आलेली गाडी गार झाल्याशिवाय तो तिला हात लावत नसे. काम शिकत असताना एकदा त्याने गरम रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळत्या पाण्याने उजवा तळहात सोलून निघाला. तेव्हापासून नियम म्हणजे नियम. गिऱ्हाईक घाईने नाचत का असेना, दादा बॉनेट उघडून स्टुलावर बसायचा आणि अधूनमधून हाताची मागची बाजू इंजिनाला लावून बघायचा. गार लागलं की गाडी सुरू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे. दहा मिनिटं ऐकून निकाल. शेजारीच माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि वीस वर्षांत त्याचा निकाल चुकलेला मी पाहिला नव्हता. मी त्याला गाडीतला बिघाड दाखवणारा स्कॅनर आणून दिला, तो खोक्यातच राहिला. "माझे कान अजून शाबूत आहेत," म्हणाला.

ताई दादाच्या पाठची आणि माझ्या आधीची. ती एका काचेच्या दुकानाची पिकअप चालवते. मागे लोखंडी चौकटीत काचा उभ्या बांधलेल्या, आणि ताईचं चालवणं असं की त्या काचांनाही पेंग यावी. एके दिवशी भर पुलावर तिचं इंजिन चालता चालता बंद पडलं. आवाज नाही, आचका नाही, काही नाही. कशीबशी तिने गाडी कडेला घेतली. ओढून दादाकडे आणली. दादाने ती गार होऊ दिली, मग किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू! ऐकून म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे."

आठवड्याभरात पुन्हा तेच झालं. या वेळी ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, चालत्या गाडीत इंजिन मरतंय. स्टीअरिंगचा दगड होतो हातात."

"क्लच झटक्यात सोडत असशील."

"बावीस वर्षं चालवतेय मी!"

"म्हणूनच म्हणतो. सवयी जडतात. गेल्या वर्षी तो फर्निचरवाल्याचा ड्रायव्हर आठवतो? तुझ्यासारखीच पिकअप. भिंतीला घासत नेली आणि वर म्हणे, इंजिन आपोआप बंद पडलं. विम्याच्या चौकशीवाल्यांनी मला बोलावलं. मी ऐकलं, इंजिन घड्याळासारखं चालत होतं. तसं लिहून दिलं. झोपला होता लेकाचा."

मीही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

तिसऱ्यांदा गाडी ओढून आली तेव्हा काचवाले शेठ स्वतः आले. दादाने गाडी गार केली, सुरू केली, ऐकली, मान हलवली. शेठ ताईकडे न बघता म्हणाले, "मिस्त्री म्हणतात गाडी ठीक आहे, म्हणजे ड्रायव्हर ठीक नाही. सोमवारपासून मी दुसरा माणूस बघतो." आणि निघून गेले. दादाचा चेहरा पडला. बहिणीचं काम आपल्या तोंडून जाईल असं त्याच्या मनातही नव्हतं. पण शब्द मागे घेणं त्याच्या रक्तात नाही.

ताई रडली नाही की भांडली नाही. तिने किल्ली त्याच्यासमोर धरली. "तू चालव. चांगली तापेपर्यंत चालव. आज काचा पोचवायच्याच आहेत, मी शेजारी बसते."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि तिसऱ्या सीटवर, दाराशी जाऊन बसलो. तमाशा बघायला, दुसरं काय.

तासभर काहीही झालं नाही. ऊन रणरणत होतं, मागे काचा भरलेल्या, आणि दादा दर गिअरला ताईला पाय दाखवत होता. "हा असा उचलायचा. कळलं?" ताई समोर रस्त्याकडे बघत होती. मग चौकाकडे जाणारा मोठा उतार लागला. खाली सिग्नल लाल, आणि माणसं रस्ता ओलांडत होती.

इंजिन बंद पडलं.

खरं सांगतो, आधी काही कळलंच नाही. फक्त शांतता. पंखा बंद, घरघर बंद, आणि गाडी मात्र धावतेच आहे. दादाने सवयीने क्लच दाबला, स्टीअरिंग वळवायला गेला तर ते जागचं हलेना. त्याने ब्रेक दाबला, सोडला, पुन्हा दाबला, आणि तिसऱ्या वेळी ब्रेक लाकडासारखा कडक झाला. समोर एक म्हातारी हातात पिशवी घेऊन चालली होती, तिने वळूनही पाहिलं नाही. इंजिनाच्या आवाजावर जगलेला माणूस दादा, आवाजच नाही म्हटल्यावर त्याला काही सुचेना.

"पंप करू नकोस!" ताई ओरडली. "दोन्ही पाय दे! सोडू नकोस!" आणि तिने दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला.

गाडी थांबली. म्हातारी आणि आमचा बंपर यांच्यात हातभर अंतर होतं. मागे एक काच तडकल्याचा आवाज आला. म्हातारी रस्ता ओलांडून निघून गेली, तिला कधी कळणारही नाही.

दादा खाली उतरला. त्याने बॉनेट उघडलं आणि, विश्वास बसणार नाही तुमचा, सवयीने हात मागे बांधून उभा राहिला. इंजिन गार व्हायची वाट बघत!

"आत्ता बघ," ताई म्हणाली. "गार झालं की ते तुझ्याशी खोटंच बोलणार."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग मला स्टार्टर मारायला सांगितलं. स्टार्टर फिरत होता, पण इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा शून्यावरून हलत नव्हता. दादाने ताईच्या बाटलीतलं पाणी घेतलं, हात गरम पाइपांमधून खाली घातला आणि अंगठ्याएवढ्या एका सेन्सरवर ओतलं. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणं, एवढंच त्या सेन्सरचं काम. तापला की तो मुका व्हायचा, कॉम्प्युटरला वाटायचं इंजिन थांबलं, आणि तो डिझेल तोडायचा. "मार," दादा म्हणाला. मी मारला. गाडी सुरू झाली.

मनगटापासून कोपरापर्यंत त्याचा हात भाजला होता. तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. "म्हणजे मी दर वेळी ती बरी करून मगच तपासत होतो," तो म्हणाला.

ताईचं काम राहिलं. दादाने सेन्सर बदलला आणि शेठना समोर उभं करून सांगितलं, "चूक माझी. हिने गाडी थांबवली नसती तर मी माणूस मारला असता." तिची माफीसुद्धा मागितली, जन्मात पहिल्यांदा. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हाताला पट्टी बांधून माझ्या काउंटरशी आला. "तो फर्निचरवाल्याचा ड्रायव्हर कुठे राहतो?"

तोपर्यंत मला त्या माणसाची आठवणही झाली नव्हती. "दादा, त्याला वर्ष झालं."

"ती गाडी मी पाहिली तेव्हा तीन दिवस उभी होती. गारढोण."

दोन खोल्यांचं घर होतं. दार त्या ड्रायव्हरनेच उघडलं. अपघातापासून कोणी त्याच्या हाती गाडी दिली नव्हती. दादाला ओळखून तो दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही. दादाने खिशातून कागद काढला. चौकशीवाल्यांना द्यायचा नवा जबाब त्याने सकाळीच लिहिला होता, पट्टीच्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरात.

"इंजिन बंद पडलं असणार," दादा म्हणाला. "तुम्ही सांगत होतात तसंच. मी गार गाडी तपासली. तुम्हाला झोप लागली होती असं माझ्यामुळे ठरलं."

त्या माणसाने कागद घेऊन वाचला. मग आत तोंड करून त्याने हाक मारली, "अगं, बाहेर ये."

त्याची बायको हात पुसत आली.

"मिस्त्री, हे हिला सांगा," तो म्हणाला. "मी वर्षभर सांगतोय."