धोंडामावशीची कबरी

धोंडामावशी टाकव्याची सुईण. पाणवठ्यावरून येणाऱ्या बाईची नुसती चाल बघून ती कितवा महिना ते सांगायची. आपण कधी चुकलो नाही, हेही कुणी न विचारता सांगायची.

त्या वर्षी, एकोणीसशे बासष्टला, तिची मांजर कबरी फुगायला लागली. भाताच्या कणगीवर एका उडीत चढणारी कबरी उंबऱ्यावरच धापा टाकू लागली. मावशीनं चुलीपुढून न उठता निकाल दिला, "चार पिल्लं. शिमग्याच्या आत." उंदरांनी पिडलेल्या चार घरांना तिनं ती कबूलही करून टाकली. शिमगा गेला, पाडवा गेला, कबरी नुसती रुंद होत गेली. लोक मावशीला रस्त्यात गाठून बारसं कधी म्हणून विचारायला लागले.

मला तेव्हा आठवा महिना, पहिलीच खेप. माझी सासू रतनबाई म्हणाली, "जिला घरातलं मांजर कळंना, तिच्या हाती सून कशी देऊ? तळेगावच्या दवाखान्यात न्यायचं."

मी रडले. परक्या दवाखान्याची मला धास्ती होती. मला मावशीच हवी होती.

सासूचं बोलणं मावशीच्या कानावर गेलं. कबरी पोटाला हात लावू देत नसे, म्हणून मावशीनं तिला आजवर लांबूनच जोखलं होतं. आता तिनं तिला गोणपाटात धरलं, दोन बोचकारे सोसले आणि पोट चाचपलं. आत पिल्लू नव्हतं. सगळी चरबी.

पण मांजराला रोज मिळायचं फक्त पळीभर दूध. मग एवढं खातं कुठं? मावशी चुलीकडं तोंड करून भाकऱ्या थापायची आणि तिचे मालक हौशीरामभाऊ तिच्या पाठीमागं पाटावर जेवायचे. ती गरम भाकरी मागं सरकवायची, जरा वेळानं ताट रिकामं दिसायचं. दुसऱ्या दिवशी ती थापता थापता एकदम वळली. भाऊ भाकरीचा तुकडा सुकटीच्या कालवणात बुडवून कबरीला भरवत होते.

"दात गेल्यात," भाऊ खाली बघत म्हणाले. "चावत न्हाई."

शेजारच्या सोपानआबांच्या बोळक्याला जन्मभर हसलेला हा माणूस. आपलं बोळकं झालं हे सांगायची त्याला लाज वाटत होती. तीन महिने गडी रात्रीच्या मऊ भातावर निभावत होता.

मावशी तशीच पिठाच्या हातानं आमच्याकडं आली. "रतने, मी चुकले," ती दारातच म्हणाली. "गावाची पोटं चाचपली, घरातल्या माणसाचं तोंड बघितलं न्हाई. मांजरालाबी हात न लावताच बोलले. तुज्या सुनंला हात लावून सांगते, मग कुटंबी न्हे."

तिनं हात धुतले, चुलीशी शेकले आणि माझ्या पोटावर ठेवले. दोन्ही कुशी चाचपल्या, मग ओटीपोट दाबून बघितलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"पोर आडवं हाय," ती सासूला म्हणाली. "हे माज्या हातचं काम न्हाई. दवाखान्यातच न्हे. मी संगं येते."

गाडीत सगळ्या वाटेनं मावशीनं माझा हात धरला होता. तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "वेळेत आणलंत. कुणी ओळखलं?"

"आमच्या सुईणीनं," सासू तोऱ्यात म्हणाली. "तिचं कदी चुकत न्हाई."

मावशीनं पदरानं बोचकारे झाकले.