कशीबशी पास होण्याचा हक्क

"इथून मागचे सगळे उभे राहा."

सरांनी हातानं हवेत एक रेघ ओढली. वर्गाच्या मधोमध. नववीचा पहिलाच आठवडा होता. आम्ही मागच्या बाकांवरचे उभे राहिलो. आम्हाला वाटलं, प्रार्थनेत कुणीतरी दंगा केला असेल आणि त्याची शिक्षा सगळ्यांना.

"तुम्हाला सामान्य गणित. पुढच्यांना बीजगणित."

संपलं. ना कुणाचे आठवीचे मार्क बघितले, ना कुणाला काही विचारलं. सर फळ्याकडं वळले आणि तारीख लिहायला लागले.

मागं कोण बसायचं, ते सांगते. एसटीनं येणारी पोरं. आमचं खेडं पेडगावच्या पलीकडं, शाळा मोठ्या गावात. आमची गाडी कधी वेळेवर आली नाही. आम्ही पोचायचो तेव्हा प्रार्थना संपत आलेली असायची आणि पुढची बाकं गावातल्या पोरांनी धरलेली असायची. मास्तरांची पोरं, बँकेतल्या साहेबांची, मोठ्या शेतीवाल्यांची. उरेल तिथं आम्ही बसायचो. हुशारीचा आणि त्या बाकांचा काडीचा संबंध नव्हता. पण वर्षानुवर्षं आम्हाला मागं बघून सरांना वाटायला लागलं होतं की आम्ही मागं बसायच्या लायकीचेच आहोत.

आमच्यात एक जण वेगळा होता. आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. तो मागं बसायचा ते गप्पा मारता याव्यात म्हणून. सरांची नजर त्याच्यावर गेली. तू कशाला उभा राहिलास, पुढं ये, म्हणाले. त्यानं दप्तर उचललं. पुढच्या बाकावरची दोन पोरं सरकली आणि त्याला जागा झाली.

त्या वेळी नववी-दहावीला दोन गणितं असायची. सामान्य गणित सोपं. टक्केवारी, व्याज, नफा-तोटा. ते घेतलं की दहावी सुटायची, पण अकरावीला विज्ञान मिळायचं नाही. आम्हाला हे शाळेत कुणी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, कारण माझा मावसभाऊ गंगाखेडच्या कॉलेजातून असाच परत आला होता. त्याला वायरमनचं नाही, इंजिनिअरचं शिकायचं होतं. खिडकीतल्या माणसानं त्याचं मार्कशीट बघितलं आणि परत सरकवलं. तो कारखान्यावर हंगामी कामाला लागला. चौदाव्या वर्षी कुणीतरी त्याच्यासाठी ठरवलं होतं, आणि ते ठरल्याचं त्याला सोळाव्या वर्षी कळलं.

म्हणून मी तोंड उघडलं. मला बीजगणित पायजे, म्हणाले.

सरांनी माझ्याकडं नीट बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच. बाप काय करतो, विचारलं. सालानं हायत, मी म्हणाले. म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी. आमची स्वतःची जमीन एवढीशी, तिच्यात भागत नव्हतं. कुणाकडं, त्यांनी विचारलं. अध्यक्षांच्या मळ्यात, मी सांगितलं.

"मग नांगरामागं चालायला बीजगणित कशाला लागतं गं? बसा सगळे खाली."

वर्ग हसला. पुढची बाकं हसली, त्याचं मला काही वाटलं नाही. मागची बाकंही हसली. माझ्या शेजारची, माझ्याच गाडीनं येणारी, माझ्यासोबत भाकर वाटून खाणारी पोरं हसली. ते मला आजही विसरता येत नाही.

सगळे बसले. मी बसले नाही.

ठरवून नाही. गुडघे वाकायलाच तयार नव्हते. सरांनी दोनदा सांगितलं, मग माझ्याकडं बघायचं सोडून दिलं. घंटा झाली तरी मी उभी. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला पुन्हा उभी. पाय दुखायचे, रडू यायचं, ते गिळायची. आत एकच गोष्ट ठाम होती. मी बसले की ते म्हणतील, हिला पटलं.

मग बापाला बोलावणं गेलं.

बा कामावरून तसाच आला. चपला दाराबाहेर काढल्या, टोपी हातात घेतली. हेडसरांनी त्याला खुर्ची दिली नाही, पण बोलणं मात्र लय गोड. आम्ही तुमच्या मुलीच्या भल्यासाठीच सांगतोय. अवघड विषय घेईल, नापास होईल, मन खचेल, वर्ष वाया जाईल. तिचा कल बघून शिकवलं पाहिजे. लवकर ठरवलं तर लवकर मार्गाला लागेल.

कल. हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. माझा कल कुठं आहे ते माझ्या बसण्याच्या जागेवरून त्यांना कळलं होतं. पुतण्याचा कल त्याच्या काकावरून.

बा म्हणाला, "तुमी म्हणसाल तसं, साहेब."

मला बापाचा राग आला. इतका की घरी जाताना मी त्याच्यापासून चार पावलं लांब चालले. तो राग अजूनही आहे. फक्त तो कुणावर काढायचा, हे आता कळतं. ज्याच्या मळ्यात राबायचं त्याच्याच शाळेत माणूस दुसरं काय बोलेल?

आणि मग माय आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. सरकी लावायचं काम अर्ध्यात सोडून, चिखलाच्या पायांनी, ती सरळ ऑफिसात शिरली. मी दाराशी होते. शिपाई अडवायला गेला तर त्याच्या बाजूनं निघून आली. हेडसरांनी तेच गोड बोलणं पुन्हा सुरू केलं. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं,

"सर, पोरगी नापास झाली तं कुणाची होईल?"

"तुमचीच."

"मंग तुमचं काय जायलाय त्याच्यात?"

हेडसर चिडले. चिडले म्हणून खरं बोलले.

"शाळेचा निकाल जातो, बाई. गेटवर शंभर टक्के लिहायचं असतं आम्हाला."

त्यांच्याही लक्षात आलं की काय बोलून गेलो. माझ्या आतलं कोडं तिथं सुटलं. तोवर मला कुठंतरी भीती होती, की खरंच आपल्याला जमणार नसेल, ही शिकलेली माणसं आहेत, त्यांना काहीतरी दिसत असेल. त्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यांना फाटकावरची पाटी रंगवायची होती. माझं भलं, माझा कल, माझं मन, सगळी थाप.

माय म्हणाली, "म्हंजी तुमच्या पाटीपायी माह्या लेकीनं शिकायचं न्हाई. आसं सांगा की मंग सरळ."

घेऊ द्या तिला, हेडसर म्हणाले. पण नापास झाली तर पुन्हा या दाराशी येऊ नका.

मला बीजगणित मिळालं. मागच्या बाकांवरच्या दुसऱ्या कुणाला नाही. माझ्या शेजारी सुमन बसायची. हिशोबात माझ्यापेक्षा चलाख. तिला औषधांचं दुकान टाकायचं होतं, एसटी स्टँडसमोर, काचेची कपाटं असलेलं. त्याला विज्ञान लागतं हे मी तिला सांगितलं. तिच्या घरी कुणी भांडायला तयार झालं नाही. तिनं सामान्य गणितात मार्क चांगले पाडले आणि त्या मार्कांचा तिला काही उपयोग झाला नाही. अकरावीला ती मिळेल त्या शाखेत गेली, मग तिचं लग्न झालं. हे तिच्या नशिबात नव्हतं, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. नशिबानं केलं नाही ते. एका माणसानं हात हलवून केलं.

आम्हालाही फुकट मिळालं नाही. आमच्याकडं सालगड्याची बोली पाडव्याला होते. पुढच्या पाडव्याला अध्यक्षांच्या मळ्यातून बाला सांगावा आलाच नाही. कारण कुणी दिलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बा दुसऱ्या गावात कामाला जायला लागला, पोखर्णीच्या बाजूला, रोज सायकलवर. बीजगणिताचं नाव त्यानं माझ्यासमोर कधी काढलं नाही.

आता तुम्हाला वाटेल, मी बोर्डात पहिली आले असेन. नाही आले. बीजगणितात मी कशीबशी पास झाले. लोक मला हे सांगू नकोस म्हणतात, गोष्टीची मजा जाते म्हणे. मी मुद्दाम सांगते. अध्यक्षांचा पुतण्या त्याच वर्षी त्याच पेपरात आपटला, पुन्हा बसला, सुटला, आणि आज संस्थेत त्याला मान आहे. त्याला कुणी विचारलं नाही की तुला जमेल का. त्याला नापास व्हायची मुभा होती. आमच्या पोरांनी मात्र आधी हुशार असल्याचं सिद्ध करायचं, मग पुस्तक हातात घ्यायचं. मला हिऱ्यासारखी लेकरं शोधून त्यांचं कौतुक करण्यात रस नाही. मला साध्या डोक्याच्या, कशाबशा पास होणाऱ्या लेकरांचा हक्क पाहिजे.

त्या काठावरच्या मार्कांवर मला विज्ञान मिळालं. पुढं बीएस्सी, बीएड. आज मी एका खाजगी शाळेत गणित शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, आणि पुढच्या वर्षी ठेवतील की नाही ते त्यांच्या मर्जीवर.

सामान्य गणित सरकारनं बंद केलं. मला वाटलं, सुटलो. पण ती रेघ पुसली गेली नाही, खालच्या वर्गात सरकली. मागच्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. सहावीपासून फाउंडेशनची, म्हणजे पुढच्या प्रवेश परीक्षांच्या तयारीची, तुकडी काढायची आहे, म्हणाले. पुढं डॉक्टर-इंजिनिअर होणारी लेकरं आत्ताच वेगळी करा, मॅडम. बाकीच्यांना गणित-विज्ञान बेतानं शिकवा, त्यांचा तिकडं कल नाही.

तोच शब्द. पोरं अकरा वर्षांची.

अकरा वर्षांच्या लेकराला काय कळतं, असं हीच माणसं म्हणतात. मग अकरा वर्षांच्या लेकराबद्दल यांना काय कळतं? ज्याला आज अपूर्णांक जमत नाहीत, त्याला उद्या जमणार नाहीत, हे कुठल्या देवानं सांगितलं? त्याला निवडू द्या. दहावीपर्यंत सगळं शिकून, सगळ्यात धडपडून, मग त्याचं तो निवडेल. चुकला तर त्याची चूक असेल.

मी त्यांना तोंडावर सांगितलं, "सर, मी एकही लेकरू वेगळं काढणार नाही."

"विचार करा मॅडम. पुढच्या वर्षीच्या तासिका संस्था ठरवते."

ठरवू द्या. पगार कमी आहे, घर चालवायचं आहे, आणि मला भीती वाटते, हे खोटं बोलून लपवणार नाही. तरी उत्तर तेच राहील. या शाळेत तेच, इथून काढलं तर पुढच्या शाळेत तेच. माझ्या वर्गात ज्याला नापास व्हायचं असेल त्यानं खुशाल व्हावं, पण गणित शिकून व्हावं. न शिकवता कुणालाही नापास ठरवायचं काम माझ्या हातून होणार नाही.