साडेसहाची मावशी

उत्तरायणाच्या दिवसांत बडोद्यात सगळ्यात लांबवर पोचणारी गोष्ट पतंग नाही, माझ्या मावशीची नजर आहे. मकरपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बसून ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या निजामपुऱ्यातल्या कुठल्या मराठी घरात किती लिमलेटच्या गोळ्या उरल्या आहेत हे सांगू शकते, आणि गोळ्या तेवढ्याच निघतात. ही माझ्या आईची मावसबहीण. वय बासष्ट. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने तीस-बत्तीस वर्षं रंगांचे नमुने तपासले. मग निवृत्त झाली, पण तपासणं काही थांबलं नाही. सणात उरलेल्या गोळ्या-चॉकलेटांपासून आणि धाणीपासून, म्हणजे ज्वारीच्या किंवा मक्याच्या लाह्यांपासून, ती एक गोड-खारट पदार्थ करते. त्याला नाव नाही. आमच्या नात्यात सगळे त्याला नुसतं 'मावशीचं' म्हणतात. संक्रांत सरली की फोनवर एकमेकांना पहिला प्रश्न असतो, "तुमच्याकडे मावशीचं आलं का?"

या पदार्थाचा कच्चा माल येतो बोरन्हाणांतून. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे जी काही लहान मुलं असतील त्यांना काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात. सुवाशिणी वाट्या भरभरून बोरं, धाणी, उसाचे तुकडे, रेवड्या आणि हल्ली मुख्यतः चॉकलेटं त्यांच्या डोक्यावरून ओततात, आणि जमलेली पोरं खाली पडलेल्यावर तुटून पडतात. कार्यक्रम पाचचा असतो. मावशी साडेसहाला येते. ओतून झालेलं असतं, पोरांचे खिसे भरलेले असतात, बायका चहा-फराळात गुंतलेल्या असतात, तेव्हा ही दारात स्कूटरचं हेल्मेट काढते. पिशवीतून चाळणी आणि दोन डबे काढून सरळ सतरंजीवर बसते. कागदात गुंडाळलेलं तेवढं एका डब्यात आणि उघडं सगळं दुसऱ्यात, ते पाखरांना. कोचाखाली गेलेली गोळी काढायला तिने एकदा यजमानांनाच पालथं झोपवलं होतं. उशिरा का येतेस असं विचारलं तर म्हणायची, "मला गर्दी आवडत नै ने." आम्ही ते खरं धरून चाललो होतो. मावशीने लग्न केलं नव्हतं. पन्नाशी ओलांडलेली बिनलग्नाची बाई बोरन्हाणात कुठल्या रकान्यात बसवायची हे कुणाला ठरवता आलं नव्हतं, आणि ती स्वतःच उशिरा येऊन सगळ्यांची सोय करत होती. तिच्या हातात वाटी कुणी कधी दिली नाही, आणि तिला ती हवी असेल असंही कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

डबे घरी गेले की शास्त्र सुरू होतं. गोळ्यांच्या तिच्याकडे तीन जाती आहेत: वितळणाऱ्या, ताणल्या जाणाऱ्या आणि हट्टी. लिमलेट हट्टी. कॉफीच्या गोळ्या वितळतात पण मागे कडवटपणा ठेवतात, म्हणून एका घाण्यात दोनच. एका वर्षी मी मदतीला गेले आणि माझ्या हातून मूठभर पेपरमिंट कढईत पडलं. संपूर्ण घाण्याला दात घासल्याची चव आली. मी म्हटलं, टाकून देऊ. मावशीने चिकटपट्टीवर 'खोकल्यासाठी' असं लिहून ती डब्यांवर लावली आणि वाटून टाकलं, आणि खरोखर दोन घरांतून खोकला थांबल्याचे फोन आले. 'मीठ चवीनुसार' हे शब्द ज्या पुस्तकात असतील ते पुस्तक तिच्या घरात राहत नाही. "कोनाच्या चवीनुसार? नाव लिही ने त्याचं!" असं म्हणून ती छोटा काटा काढते आणि मीठ तोलते. हा काटा तिला निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिला. बाकीच्यांना तिथे भिंतीवरचं घड्याळ मिळतं, हिने मागून काटा घेतला.

धाणीच्या बाबतीत तर ती कुणाचंच ऐकत नाही. पाणीगेटजवळच्या एका भट्टीवाल्याकडूनच घेणार, तीही ऐकून. चिमटीत एक दाणा धरून कानाशी नेते आणि दाबते. आवाज बरोबर आला तर किलोभर, नाही आला तर पुढचं पोतं उघडायला लावते. गेली वीस वर्षं तो भट्टीवाला तिला एकच वाक्य ऐकवतो, "बेन, धाणी छे, रेडियो नथी." आणि गेली वीस वर्षं मावशी त्याला बोटाने गप्प बसायची खूण करते, कारण बोलण्यात आवाज ऐकू येत नाही.

पण तिचा खरा विक्षिप्तपणा डब्यांवरच्या पट्ट्यांत आहे. ज्या बाळाच्या बोरन्हाणातल्या गोळ्या त्याच्याच नावाचा घाणा, आणि पहिला डबा त्याच्याच घरी. त्यामुळे आमच्या नात्यातली तीस-पस्तीस वर्षांतली सगळी मुलं तिला घाण्यावरून ओळखू येतात. चेहरे विसरते, घाणे विसरत नाही. माझा एक मामेभाऊ रिफायनरीत मोठा अधिकारी झाला, त्याच्या सत्काराला ही शेजारच्या खुर्चीवरच्या पाहुण्यांना सांगत होती, "हा जरा करपलेला होता, पण नंतर चवीला बरा उतरला." माझ्या लग्नात अक्षता पडल्यावर माझ्या नवऱ्याचा हात हातात घेऊन तिने गंभीरपणे सांगितलं, "हिचा घाणा चिकट झाला होता. सांभाळून घ्या." तो बिचारा अहमदाबादचा. बराच काळ त्याला वाटत होतं की हा आमच्यातला एखादा विधी आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं बोरन्हाण आलं. आईने सात सुवाशिणींची नावं बोटांवर मोजली. मी मावशीला फोन केला आणि अगदी सहज म्हणाले, "रविवारी साडेसहापर्यंत ये." ती म्हणाली, "हा ने, मला माहितीये." मला त्यात काही चुकल्यासारखंही वाटलं नाही. शनिवारी मी मुलीला आईकडे ठेवून धाणी आणायला मकरपुऱ्याला गेले, तर मावशी उत्तरायणाच्या उरलेल्या गोळ्यांचा घाणा घालत होती. मला पाहताच तिने माझ्या हातात उलथनं दिलं. कढईत गोळ्या, चमचाभर पाणी आणि लोणी. आच मंद. गोळ्या आधी कडांनी मऊ होतात, मग एकमेकींत मिसळतात, मग सगळ्याचा एक तांबूस पाक होतो. त्याचा थेंब गार पाण्यात टाकून तो कटकन मोडला की पाक झाला. मग तोललेलं मीठ, चिमूटभर खायचा सोडा, पाक फसफसून वर येतो आणि त्याच क्षणी धाणी. तेव्हा हात थांबवायचा नाही, असा तिचा नियम आहे. हात चालू असतानाच मी विचारलं, "मावशी, हे तुला सुचलं कसं गं?"

"तुझ्या बोरन्हाणात," ती म्हणाली. "तेव्हा मी पाचला आले होते. नवी काळी साडी नेसून, माझी वाटी घरूनच भरून. धाणी, बोरं, लिमलेटच्या गोळ्या. तू पाटावर बसलेली. मी पुढं झाले ने, तर एक मोठ्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, तू जरा आत जा, दूध बघ, उतू जाईल." मध्येच तिने कढईकडे बोट केलं. "खालून सोडवून घे, बसतंय."

मी खालून सोडवून घेतलं. "मग?"

"मग काय. आत गेले तर गॅस पेटवलेलाच नव्हता."

ती हे मिठाचं वजन सांगावं तशा आवाजात सांगत होती. बाहेर बायका गाणी म्हणत होत्या, आणि ही स्वयंपाकघरात गार दुधासमोर भरलेली वाटी घेऊन उभी होती. "वाटीचं काय करायचं कळेना. घरी परत न्यायची तर बरं नै दिसत. मग गॅस पेटवला, कढई घेतली, बोरं बाजूला काढली, बाकी सगळं टाकलं. रडू आलं होतं थोडं, म्हणून मीठ घालायचं सुचलं असेल," असं म्हणून ती स्वतःच हसली. "चिकट झालं. पहिलंच होतं ने. पण सगळ्यांनी खाल्लं. तुझ्या आईने दोनदा मागितलं. त्यानंतर ठरवलं, साडेसहाच बरे. थाळीला तूप लावलंस का?"

थाळीला तूप लावलं नव्हतं. तो घाणा थाळीला बसला तो बसलाच, आणि मावशी माझ्यावर चिडली. मला त्या चिडण्याचं बरं वाटलं, कारण त्यामुळे मला मान वर करून तिच्याकडे बघावं लागलं नाही. इतकी वर्षं आम्ही जे चवीने खात होतो ते माझ्यावर ओतायचं राहिलेलं होतं.

घरी येऊन मी आईला सांगितलं. आई मुलीला भरवत होती. तिने चमचा वाटीत ठेवला. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तिथेच बसले होते. काही बोलले नाही." मग तिने हात पुसले आणि स्वतःच फोन लावला. "उद्या पाचला ये."

पलीकडून मावशीचा आवाज मलाही ऐकू आला. "पाचला शू काम छे?"

"पहिली वाटी तुझी."

पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला. मग मावशी म्हणाली, "बघते. स्कूटर सर्व्हिसिंगला द्यायची आहे."

रविवारी पाच वाजले. मुलगी हलव्याचा मुकुट खाली ओढत होती, बायका जमल्या होत्या, पोरं दबा धरून बसली होती. सव्वापाच झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुरू करू या का? येतील त्या नंतर, नेहमी येतात तशा." आई म्हणाली, "थांबू या." आईला एवढ्या ठाम आवाजात बोलताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. साडेपाच झाले, फोन लागेना. रविवारी कुठलं सर्व्हिसिंग चालू असतं, हा विचार मला तेव्हा सुचला, आणि मी खाली उतरले.

मावशी पार्किंगमध्ये स्कूटरवर बसली होती. काळी साडी, डोक्यावर हेल्मेट तसंच. वॉचमन म्हणाला, "बेन तो साडाचार ना बेठा छे."

"मावशी, साडेचारपासून बसली आहेस? वर का नाही आलीस?"

"पाच वाजायचे होते ने."

"साडेपाच झाले."

"हो. मग वाटलं, आता साडेसहा होऊ दे. आपली वेळ." तिने हेल्मेट काढलं. केसांत गजरा होता, हेल्मेटखाली पार चेपलेला. "आत दूध-बिध काही बघायचं आहे का?"

मला एकदम रडू आलं. मी म्हटलं, "दूध आज घरात आणलेलंच नाही," आणि तिचा हात धरून तिला वर नेलं. जिन्यात विचारलं, "चाळणी कुठे आहे?" तर ती मध्येच थांबली. पिशवी उघडून पाहिली. पिशवीत फक्त एक वाटी होती, वर रुमाल बांधलेली. चाळणी घरी राहिली होती.

तिने ओतलं तेही तोलूनच. एकेक बोर, एकेक दाणा माझ्या मुलीच्या केसांवरून घरंगळत होता आणि मुलगी मान वर करून तिच्याकडे बघत होती. मागच्या बायका खोळंबल्या, पोरांचा धीर सुटला, पण आईने कुणाला पुढे येऊ दिलं नाही. वाटी रिकामी झाल्यावर मावशी खुर्चीवर जाऊन बसली आणि आमच्या घरातला कार्यक्रमाचा फराळ तिने पहिल्यांदाच गरम खाल्ला. खालच्या गोळ्या पोरांनी नेल्या, राहिलेल्या केरात गेल्या. तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

एवढ्याने सगळं बदललं असं काही नाही. अजूनही बऱ्याच घरी ती साडेसहालाच जाते, चाळणी घेऊन, आणि विचारलं तर गर्दी आवडत नाही म्हणते. यंदा संक्रांतीनंतर ती आमच्याकडे डबे घेऊन आली होती आणि कोण करपलेला, कोण चिकट, कोण खोकल्यावरचा हे माझ्या मुलीला एकेक करून सांगत होती. मुलगी आता तीन वर्षांची आहे. तिने सगळ्या डब्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मी कशी होते?"

मावशीने हातातला डबा खाली ठेवला.

"तुझा घाणा झालाच नै," ती म्हणाली. "तुला मी पाटावर बघितलं होतं."