मुरलीधरचं लॉफ्टमधलं झाड

लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या गल्लीतला मुरलीधर दिसायला अगदी देवभोळा, पण लॉफ्टमध्ये दिव्याखाली चोरून गांजाचं रोप वाढवायचा. त्याला पोलिसांपेक्षा धास्ती होती ती विष्णूची. बँकेतला हा मित्र त्याच उद्योगात होता आणि त्याचं झाड म्हणे छताला टेकलं होतं.

शनिवारी मुरलीधर ते बघायला गेला. मक्याच्या कणसांएवढे तुरे बघून त्याच्या पोटात दुखायलाच लागलं.

"वासाचं काय करतोस रे?"

"बायको बोंबील भाजते. आता शेजारीण बोंबलांची कम्प्लेंट करते! तुझं कसं चाललंय?"

"तुझ्यापेक्षा डेरेदार!" मुरलीधर ठसक्यात म्हणाला. "तुरा दिसला की लगेच खुडतो. आई तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची ना, तसाच. झाड काय फोफावलंय!"

विष्णू हसून हसून सोफ्यावर आडवा झाला. "अरे गाढवा, सगळी नशा त्या तुऱ्यातच असते! आता पाल्याची काय भाजी करणारेस?"

मुरलीधरने त्या भरगच्च तुऱ्यांकडे एकवार पाहिलं.

"फांद्या मात्र वाकड्याच आहेत हं तुझ्या," तो म्हणाला.